चौथी नळी

६ जानेवारी २०२५, सोमवार

दवाखान्याला सामान पुरवणारा माणूस आज नव्या वर्षाची डायरी देऊन गेला. ही डायरी दरवर्षी महामाया घ्यायची. पुढे पेशंटच्या वेळा लिहायची, मागच्या पानांवर घरातलं. त्याने सवयीने विचारलं, "मॅडम दिसत नाहीत?" विमलबाईने त्याला डोळ्यांनी खुणावलं. तो गोरामोरा झाला आणि चहा न घेताच गेला.

प्रेरणा पुण्याहून फोनवर सारखी म्हणते, "बाबा, कोणाशी बोलत नाही तर निदान लिहीत जा." मला केस पेपरपलीकडे लिहायची सवय नाही. पहिल्या पानावर नाव-गावाची जागा आहे, तिथून सुरुवात केली. डॉ. धम्मरत्न खंडारे, दंतवैद्य, लोणार. वय ५३. खाली 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' असा रकाना आहे. तिथे हात आपोआप महामायाचं नाव लिहायला गेला. 'म' लिहून थांबलो.

ती २४ नोव्हेंबरला गेली. डोक्यात रक्तस्राव. संभाजीनगरला नेत होतो, सिंदखेडराजाच्या पुढे गाडीतच गेली. आज त्रेचाळीस दिवस.

पेशंट सहा.

११ जानेवारी, शनिवार

विमलबाई आता खुर्चीजवळ उभी राहून लाळ ओढणारी सक्शनची नळी धरते. आधी ती झाडलोट करायची आणि हत्यारं उकळायची. नळी नीट धरते, पण कधी कधी गालाला चिकटवते. आज किन्हीचा एक माणूस दचकून ओरडला. "काऊन ओरडता हो दादा, नळी हाय, साप नाही," असं तिने त्यालाच दरडावलं. महामाया असती तर हसली असती. मी हसलो नाही.

महामाया काही नर्स नव्हती. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. लग्नानंतर सहाव्या महिन्यात एक दिवस मदतीला म्हणून दवाखान्यात उभी राहिली, ती सव्वीस वर्षं उभीच राहिली. सुरुवातीला एकदा मी तिला समजावून सांगितलं होतं की वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, प्रत्येक मुळात एक नळी, आणि त्या नळीत नस. रूट कॅनाल म्हणजे त्या नळ्या साफ करून बंद करणं. पण पुष्कळदा पुढच्या मुळात अजून एक नळी असते. केसाएवढी, पहिलीच्या आड दडलेली. ती राहून गेली की दाढ दुखतच राहते.

हे मी एकदाच सांगितलं. तिने मात्र धरून ठेवलं. वरची दाढ उघडून मी "तीन" म्हटलं की ती विचारायची, "अजून बघता का?"

मी चिडायचो. पेशंटसमोर विचारत जाऊ नकोस म्हणून घरी बोललोही होतो. ती हो म्हणायची आणि पुढच्या दाढेला पुन्हा विचारायची. मग बघावं लागायचं. बऱ्याच वेळा सापडायची.

आता कोणी विचारत नाही. काम लवकर होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत द्यायला तिचं आधार कार्ड हवं होतं. आज पहिल्यांदा तिची पर्स उघडली. आधार कार्डाच्या मागे एक अपॉइंटमेंट कार्ड निघालं.

'डॉ. हर्षल म्हस्के, मेहकर. मायक्रोस्कोपच्या साहाय्याने रूट कॅनाल उपचार.' आत निळ्या शाईत चार तारखा. ८ जून, १५ जून, २२ जून, ६ जुलै. दाताचा क्रमांक वरची उजवी पहिली दाढ.

ती दाढ मी केली होती. मागच्या मार्चमध्ये.

मी तिला त्यानंतर दोन-तीनदा विचारलं होतं, "दुखत तर नाही?" ती म्हणायची, "नाही हो, छान आहे."

मला "छान आहे" आणि त्याला जाऊन सांगितलं की दुखतं.

१८ जानेवारी, शनिवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. कार्डावर नाव 'सौ. महामाया तायडे' असं आहे. तायडे हे तिचं माहेरचं नाव. आधार कार्डावर खंडारे, बँकेत खंडारे, मतदार यादीत खंडारे. सव्वीस वर्षं खंडारे होती. त्याच्या खुर्चीत बसायला पुन्हा तायडे झाली.

माझं नाव लावायची तिला लाज वाटली असावी. दुसरं काय असणार?

१९ जानेवारी, रविवार

पूनमला फोन केला. पूनम तिची धाकटी बहीण, मेहकरला राहते. जून-जुलैत महामाया शनिवारी "पूनमचे गुडघे दुखतात, जाऊन येते" म्हणून एसटीने जायची.

विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत?"

"माह्या गुडघ्याले काय झालं भाऊजी?"

मग म्हणाली, "ताई यायची हो. दुपारी येऊन पडून राहायची. जेवायची नाही, तोंड बधिर हाय म्हणायची."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली होती. म्हणे, भाऊजीले कळलं तर ते आठ दिवस जेवणार नाहीत." मग म्हणाली, "आता काऊन काढता हो हे सगळं? ती गेली नं."

मी फोन ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

तायडे.

२२ जानेवारी, बुधवार

आठवून आठवून बघतो आहे. एप्रिल-मेमध्ये ती भाकरी वरणात कुस्करून खायची. शेंगदाणे खाणं सोडलं होतं. मला वाटलं होतं, वजन कमी करते आहे. तसं मी तिला म्हणालोही होतो, आणि ती हसली होती. जुलैच्या शेवटी एक दिवस तिने उजव्या दाढेखाली हरभरे चावून खाल्ले. मी दाताचा डॉक्टर. समोर बसून जेवत होतो.

ऑगस्टमध्ये तिनेच सांगितलं, "आता दाढेला कॅप बसवून टाका." त्याआधी मी दोनदा म्हटलं होतं, तर टाळलं होतं. मी खूष होऊन कॅप बसवली. बसवण्याआधी एक्स-रे काढायला हवा होता, तो काढला नाही. स्वतःच्याच कामाचा कशाला काढायचा, असं वाटलं. काढला असता तर नळ्या तीनच्या चार झालेल्या दिसल्या असत्या.

म्हणजे काम त्याचं आणि वर झाकण माझं.

काढलेल्या दाढांची बाटली फडताळात आहे. दुपारी त्यातल्या वरच्या बारा दाढा काढल्या आणि भिंग लावून एकेक उघडत बसलो. सातांमध्ये चौथी नळी निघाली. विमलबाई दारातून बघत होती. म्हणाली, "मेलेल्या दातायची कशाले चौकशी करता साहेब?"

२ फेब्रुवारी, रविवार

आज मेहकरला गेलो. लोणार, मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा इथले आम्ही दहा-बारा दंतवैद्य वर्षातून दोनदा भेटतो. या वेळी डॉ. म्हस्केने आपल्या दवाखान्यात बोलावलं होतं. जाणार नव्हतो. पण त्याला बघायचं होतं.

वय पस्तीसच्या आत असेल. नागपूरला पुढचं शिक्षण झालेलं. दिसायला साधाच, केस विरळ, बोलताना सारखा चष्मा वर सरकवतो. मला काहीतरी वेगळं अपेक्षित होतं. तो रुबाबदार असता तर बरं झालं असतं. मला "सर, तुम्ही इथले सगळ्यात सीनियर" म्हणून पहिल्या रांगेत बसवलं.

मायक्रोस्कोप छतापासून लांब हातावर लोंबतो. खाली खुर्ची. त्याच खुर्चीत ती चार वेळा बसली. मी खुर्चीचा हात धरून बघितला. फोमला मऊ कापड होतं. माझ्या खुर्चीचं रेक्झिन दोन ठिकाणी फाटलेलं आहे, तिनेच चिकटपट्टी लावली होती.

मग त्याने भिंतीवरच्या पडद्यावर केसेस दाखवल्या. तिसरी लागली आणि कोपऱ्यात नाव आलं, एम. तायडे.

आधी आरसा तोंडात गेलेला दिसला. आरशावर वाफ आली, गेली, पुन्हा आली. ती तिची वाफ. म्हस्के म्हणाला, "इथे जरा धूसर आहे, पुढे नेतो," आणि त्याने पुढे नेलं. मी थांबा म्हणणार होतो. म्हटलं नाही.

मग दाढ आली. ताटाएवढी. पुढच्या टोकाचा टवका सुपारीने उडालेला, शेजारच्या दाढेत चांदी भरलेली. ती चांदी मी २००४ साली भरली होती. मधोमध माझ्या तीन नळ्या, गुलाबी मसाल्याने भरलेल्या. म्हस्के म्हणाला, "या बाईंची आधीची ट्रीटमेंट जालन्याला झालेली. ज्याने केली त्याचा हात चांगला होता. तिन्ही नळ्या अगदी टोकापर्यंत भरल्यात, मलाही इतकं नीट जमत नाही. फक्त चौथी राहिली." त्याने पुढच्या नळीजवळची पांढरी कड बारीक टोकाने खरवडली. कडेखालून एक काळा ठिपका वर आला. विहिरीच्या तळाशी पाणी दिसावं तसा.

सुलतानपूरचा डॉक्टर म्हणाला, "जालन्यावाल्यांचं असंच. पेशंट उठायच्या आत पुढचा बसवतात."

सगळे हसले. मीही हसलो.

जेवायला थांबलो नाही. पूनमकडेही गेलो नाही. एसटीत खिडकीशी बसलो. त्याने मला नावं ठेवली असती तर मी त्याच्यावर रागावलो असतो. त्याने कौतुक केलं. तो माझ्या बायकोच्या तोंडात माझं काम बघून मोठ्या मनाने कौतुक करतो आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो. आणि जालना कशाला? तिने त्याला जालना सांगितलं. माझ्या हातून झालं एवढंही तिला सांगवलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तळ्याच्या काठावरून फिरून आलो. वाटेत ओळखीचे दोघे भेटले. एकाने सांगितलं, त्याची सून मेहकरच्या टीव्हीवाल्या डॉक्टरकडे जाते. "दाताची विहीर दाखवते म्हणे तो," असं म्हणाला. मी बरं म्हटलं.

पेशंट तीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बीबीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या अन्नपूर्णा शेळके मॅडम आल्या. यांची वरची डावी पहिली दाढ मी डिसेंबरच्या सुरुवातीला केली होती. महामाया गेल्यावर दवाखाना उघडला, त्याच आठवड्यात. कॅप बसवायची बाकी आहे. पण चावताना ठणकते म्हणाल्या. ठोकून बघितलं, दुखते. एक्स-रेत तिन्ही नळ्या व्यवस्थित आहेत. पण पुढच्या मुळात भरलेली नळी मधोमध नाही, एका बाजूला आहे. असं दिसलं की दुसऱ्या बाजूलाही एक आहे असं समजायचं. हे मला कळतं.

मी म्हटलं, "काढून टाकू."

त्या उठूनच बसल्या. "काढायची? सर, माझ्या वर्गात पोराचा पाढा चुकला तर मी पुन्हा म्हणायला लावते. शाळेतून नाव नाही काढत."

"पुन्हा करून उपयोग होईलच असं नाही."

"आमच्या शाळेतले पवार गुरुजी म्हणतात, मेहकरला कोणी तरी दुर्बीणवाला हाय. त्याला दाखवू का?"

मी म्हटलं, "दाखवा. पण ही दाढ वाचायची नाही."

हे मी म्हटलं. खोटं होतं. दाढ वाचण्यासारखी आहे, फक्त माझ्याकडे वाचण्यासारखी नाही. पण ती पडद्यावर ताटाएवढी दिसेल, मधे माझ्या तीन नळ्या, आणि दहा-बारा जण हसतील. या वेळी गाव जालना नसेल.

त्या म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा हाय म्हणून हो म्हणते." मंगळवारी काढायचं ठरलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चाळीस वर्षांची धडधाकट बाई. तिची चांगली दाढ.

काढली की प्रश्न मिटेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं नीट लिहितो.

मॅडम साडेदहाला आल्या. मी भूल दिली. बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात चिमटा आणायला मागच्या खोलीत गेलो. विमलबाई तिथे होती. तिने उकळलेली हत्यारं ट्रेमध्ये ठेवली होती, पण चिमटा हातात धरून उभी होती. देईना.

"दे इकडे."

"साहेब, एक विचारू? अजून बघता का?"

मला वाटलं तिची चेष्टा चालली आहे. मी काही तरी जोरात बोललो. ती घाबरली, पण चिमटा सोडला नाही.

म्हणाली, "बाईच्या टायमाले बी मी गप राह्यले. म्हणून आता बोलून राह्यले."

"कोणत्या बाईच्या?"

"आपल्या बाईच्या. तुम्ही त्यायची दाढ केली तवा. नळी मीच धरली होती नं त्या दिवशी, बाई खुर्चीत होत्या म्हणून."

मला आठवलं. मार्चमधला दिवस. महामाया खुर्चीत, तोंडावर निळं रबर ताणलेलं, त्यातून फक्त दाढ बाहेर. रबर लावलं की बोलता येत नाही.

विमलबाई म्हणाली, "तुम्ही म्हणले, तीन. अन् बाईनं हात वर केला. बोटं अशी केली." तिने चिमट्याच्या हातानेच चार बोटं दाखवली. "मले वाटलं, दुखून राह्यलं असंन. तुम्ही म्हणले, हात खाली ठेव. त्यायनं ठेवला. मंग पुन्हा वर केला. तुम्ही म्हणले, झालं, दोनच मिनिटं, हलू नको."

मला हात आठवत नाही. खूप प्रयत्न केला. रबर आठवतं, दाढ आठवते, तिन्ही नळ्यांची लांबी आठवते. साडेवीस, वीस, बावीस. हात आठवत नाही.

मी बाहेर आलो. मॅडमचा गाल बधिर झाला होता. म्हणाल्या, "घ्या सर, आता हाणलं तरी कळणार नाही."

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. दाढ वाचू शकते. एक नळी माझ्याकडून राहिली आहे, ती मेहकरला सापडेल. परवा मी खोटं बोललो.

त्या एकदम चिडतील असं वाटलं होतं. बधिर ओठाने आधी विमलबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "फुकट टोचलं म्हणजे." मग म्हणाल्या, "त्यानं विचारलं, आधी कोणाकडे केलं, तर काय सांगू? जालना सांगून देते. आपल्या माणसाचं नाव बाहेर कशाला पडू द्यायचं? माझ्या भावाने शेतात चुकीचं औषध मारलं, मी सासरी सांगितलं की पऱ्हाटीवर रोगच आला. तसं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला राग आला.

"का हो सर? चुकलं का काही?"

मी म्हटलं, "नाही. माझंच नाव सांगा. मीच येतो सोबत."

नंतर दुपारी कार्ड पुन्हा काढून बघितलं. सौ. महामाया तायडे.

मेहकर इथून एसटीने तासाभरावर. तिथे खंडारे म्हटलं की कोणीही विचारलं असतं, लोणारच्या डॉक्टरांच्या कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमला घेऊन मेहकरला गेलो. म्हस्केला आधी फोन केला होता. नुसतं "माझी केस आहे, चौथी नळी राहिली आहे" एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "सर, राहते हो. माझ्याही राहतात." हेही मला आवडलं नाही. त्याने एवढं चांगलं वागायची गरज नाही.

मायक्रोस्कोपला बाजूला दुसरी भिंगं असतात, शेजारच्या माणसाला बघता यावं म्हणून. त्याने मला तिथे बसवलं. मी डोळे लावले. सव्वीस वर्षं मी अंधाऱ्या कोनाड्यात सुई घालून बोटांनी चाचपत होतो. इथे उजेड होता. दाढेचा तळ घराच्या फरशीसारखा दिसत होता, पिवळट, मधे करड्या रेघा. रेघ जिथे जाते तिथे नळी असते. मला रडू आलं नाही, पण डोळ्यांसमोर धूसर झालं आणि भिंग पुसायला मागावं लागलं.

चौथी दहा मिनिटांत सापडली. म्हस्के म्हणाला, "मिळाली." मला त्याचा हेवा वाटला. खूप वाटला. त्याची बोटं, त्याचं वय, त्याचा उजेड, आणि ते चार शनिवार. हे लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

तो नळी घासायची सुईसारखी फाइल मागत होता, तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. तोंडावर रबर, बोलता येईना. त्याची नर्स म्हणाली, "मॅडम, हात खाली ठेवा."

मी म्हटलं, "थांबा. त्या काही तरी म्हणताहेत."

माझा आवाज मोठा झाला असावा. सगळे थांबले. मॅडमच्या घशात लाळ साचली होती, एवढंच. नर्सने नळी लावली. त्या थांबलेल्या वेळात मी म्हटलं, "अजून बघता का?"

म्हस्केने डोळे वर केले. "चार झाल्या सर."

"तरी."

तो मला नाही म्हणू शकला नाही. त्याने उजेड आतल्या मुळाकडे, टाळूच्या बाजूला वळवला. तिथली नळी मोठी असते, सगळ्यांना पहिल्यांदा तीच सापडते, म्हणून तिच्याकडे कोणी पुन्हा बघत नाही. तिचं तोंड गोल नव्हतं, चिरेसारखं लांबट होतं. एका टोकाला माझा मसाला. दुसऱ्या टोकाला त्याने बारीक फाइल टेकवली आणि ती आत गेली. जात राहिली.

"पाच," तो म्हणाला. मग चष्मा वर सरकवला. "टाळूच्या मुळात दोन. मी फक्त पुस्तकात बघितलंय हे."

मला आनंद झाला. नळी सापडली म्हणून नव्हे, त्याच्याकडून राहिली असती म्हणून. अर्धा मिनिट टिकला. मग मॅडमनी रबराखालून "हं?" केलं आणि पाच बोटं दाखवली, प्रश्नासारखी. मी हो म्हटलं.

काम झाल्यावर चहा घेताना त्याने विचारलं, "सर, तुम्हाला कसं सुचलं?"

"माझी बायको विचारायची."

"त्याही डॉक्टर होत्या?"

"नाही. बी.ए." मग म्हटलं, "तुमच्याकडे येऊन गेल्या आहेत. जूनमध्ये. तायडे. ती ट्रीटमेंट जालन्याला झाली नव्हती, लोणारला झाली होती. मी केली होती. नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या."

त्याने कप खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, त्याला ती बैठक आठवली, ते हसणं. मग म्हणाला, "त्या बाई माझ्या लक्षात आहेत सर. पहिल्या दिवशी रबर लावायच्या आधी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'मला नंतर बोलता येणार नाही, म्हणून आधीच सांगते. तीन सापडल्या की थांबू नका.' पेशंट असं सांगत नाहीत. मला हसू आलं होतं."

तिने त्याला आधी सांगितलं. मला आधी सांगितलं नव्हतं.

एसटीत मॅडम अर्धा गाल धरून बसल्या होत्या. मी तेच घोळवत होतो. सुलतानपूरच्या फाट्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, मला सांगावं लागेल असं तिला वाटलंच नसेल. मी तिच्या हाताकडे बघेन असं तिने गृहीत धरलं असेल.

म्हस्केने तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर दिला आहे. नळ्यांचा भाग मला नको. आरशावर वाफ येते तेवढा पुरे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखाना उघडल्यावर विमलबाईला समोर बसवलं. तिला वाटलं, कामावरून काढतो आहे. "त्या दिवशी चिमटा धरला म्हणून का?" म्हणाली.

मी सांगितलं, यापुढे वरची दाढ असली आणि मी तीन म्हटलं की विचारायचं, अजून बघता का. दर वेळी विचारायचं. पेशंट कोणीही असो. आणि पेशंटने हात वर केला की मला सांगायचं, मी काहीही करत असलो तरी.

ती म्हणाली, "तुम्ही चिडसान."

मी म्हटलं, "चिडेन. तरी विचारायचं."

पहिला पेशंट साडेदहाला आला. खालची दाढ होती, तिला दोनच मुळं असतात, नळ्या बहुधा तीन. मी "तीन" म्हटलं. विमलबाईने नळी गालाला चिकटवली, पेशंट ओरडला, आणि तिने त्याच्या डोक्यावरून विचारलं.

मी तिला म्हणणार होतो की खालच्या दाढेला विचारायचं नसतं.

बघितलं.